मी कुठे आहे?

डाळिंबाच्या बागेत दोन ओळींमध्ये साधारण पंधरा फूट अंतर असते आणि ओळीतल्या दोन झाडांमध्ये दहा फूट. खिशातल्या मोबाइलचे जीपीएस मोकळ्या माळावरसुद्धा चार-पाच मीटरने, म्हणजे तेरा ते सोळा फुटांनी चुकू शकते. माणदेशातल्या म्हसवडच्या आसपास एखाद्या बागेत माणसाशिवाय चालणारे फवारणीचे यंत्र सोडायचे म्हटले की हा साधा हिशेब आडवा येतो. आपण नेमके कोणत्या झाडापाशी उभे आहोत, हे त्या यंत्राला उपग्रह सांगू शकत नाहीत. समोरचे झाड आणि शेजारच्या ओळीतले झाड त्याला सारखेच.

फवारणीला आलेल्या गड्याला हा प्रश्न पडत नाही. विहिरीकडून सातवी ओळ, मर लागून गेलेल्या झाडाच्या पुढचे तिसरे झाड, हे त्याला न मोजता कळते. पाठीवर पंप असतो, पाय ढेकळांत असतात, तोंडाला फडके बांधलेले असते, तरी तो चुकत नाही. रोबॉटवर आयुष्य घालवलेल्या हान्स मोरावेक यांनी १९८८ च्या आपल्या पुस्तकात नेमकी हीच गोष्ट मांडली. बुद्धिबळासारखी जी कामे आपण मोठ्या बुद्धीची मानतो, ती यंत्राला तुलनेने सोपी जातात. वर्ष-दीड वर्षाचे मूल सहज करते ते बघणे, तोल सांभाळणे, वस्तू उचलणे मात्र यंत्राला जड जाते. मजुराच्या कामाला ‘अकुशल’ म्हणायची सरकारी कागदांची जुनी सवय आहे. रोबॉटचा अभ्यास सुरू केला की तो शब्द किती चुकीचा आहे ते पहिल्या महिन्यातच कळते.

‘रोबॉट’ हा शब्दही मजुरीतूनच आला. चेक लेखक कारेल चापेक यांच्या १९२० च्या नाटकात तो पहिल्यांदा आला, आणि त्याच्या मुळाशी असलेल्या ‘रोबोता’ या चेक शब्दाचा अर्थ वेठ. वेठीला धरलेल्या माणसाला कुठे जायचे ते सांगावे लागे. तो कुठे उभा आहे हे सांगावे लागत नसे. यंत्राच्या बाबतीत ही दुसरी गोष्टच आधी सोडवावी लागते. रोबॉटसाठी कृत्रिम बुद्धिमत्ता आणि यंत्रशिक्षण शिकवणाऱ्या प्राथमिक विद्यापीठीय अभ्यासक्रमात एक मोठा धडा याच प्रश्नावर असतो: मी कुठे आहे?

या धड्यात विद्यार्थ्याला थोडा धक्का बसतो. यंत्र म्हणजे अचूकपणा, अशी समजूत घेऊन तो वर्गात आलेला असतो. इथे त्याला शिकवतात की रोबॉटला काहीच खात्रीने माहीत नसते. चाक घसरते, कॅमेऱ्यावर धूळ बसते, अंतर मोजणारा सेन्सर उन्हात वेगळा आकडा देतो आणि सावलीत वेगळा. रोबॉट सगळे जाणतो असे धरून लिहिलेला प्रोग्राम पहिल्या खड्ड्यात आडवा होतो. जो प्रोग्राम आपली शंका आकड्यात मांडतो आणि प्रत्येक नोंदीनंतर तो आकडा बदलतो, तोच टिकतो. माझ्या मते या सगळ्या विद्येचे मर्म एवढेच आहे, आणि ते समजायला संगणक लागत नाही. एक शेततळे पुरते.

शेततळ्याचा बांध

माणदेश पर्जन्यछायेचा मुलूख. माणगंगेचे पात्र वर्षातले कितीतरी महिने वाळूचेच असते, म्हणून इथे शेततळ्याला मोल. समजा, एका शेततळ्याच्या बांधावर भोवताली शेवग्याची दहा झाडे लावली होती. त्यांतली तिसरी, चौथी आणि आठवी जागा रिकामी पडली, बाकी सात झाडे जगली. बांधावर एक लहान रोबॉट गोल फिरतो. त्याच्याकडे हा नकाशा आहे. दहानंतर पुन्हा एक येतो हेही त्याला माहीत आहे. फक्त आपण कोणत्या जागी आहोत, ते माहीत नाही.

त्याच्या सेन्सरला दोनच शब्द येतात: ‘झाड’ आणि ‘तूट’. तोही दहापैकी आठ वेळाच खरे बोलतो.

सुरुवातीला दहाही जागा सारख्याच शक्य. प्रत्येकीला १० टक्के. सेन्सर म्हणाला, ‘तूट’. आता तिसरी, चौथी, आठवी या जागांचे वजन वाढले, पण बाकीच्या जागा खोडून टाकता येत नाहीत, कारण सेन्सर खोटेही बोलतो. खरे आणि खोटे यांचे प्रमाण ८० ला २०, म्हणजे ४ ला १. म्हणून नोंदीशी जुळणाऱ्या जागेला ४ ने गुणायचे, न जुळणाऱ्या जागेला १ ने, आणि शेवटी सगळ्यांची बेरीज करून टक्के काढायचे. तीन रिकाम्या जागांना प्रत्येकी २१ टक्के येतात, बाकी सात जागांना पाच-पाच टक्क्यांच्या आसपास.

रोबॉट एक जागा पुढे सरकला. त्याच्यासोबत सगळे टक्केही एकेक घर पुढे सरकले. सेन्सर पुन्हा म्हणाला, ‘तूट’. लागोपाठ दोन तुटी नकाशात एकाच ठिकाणी आहेत, तिसरी आणि चौथी. आता आपण चौथ्या जागी आहोत, याची संभाव्यता एकदम ४३ टक्क्यांवर गेली. पुढची पायरी: ‘झाड’. पाचव्या जागेला ४९ टक्के. पुढे पुन्हा ‘झाड’: सहाव्या जागेला ५२. पुन्हा ‘झाड’: सातव्या जागेला ६०. नंतर ‘तूट’, आणि आठव्या जागेला ७३.

या आकड्यांच्या चालीकडे नीट बघा. तूट दिसली की आकडा उडी घेतो, झाड दिसले की हळूहळू सरकतो. झाडे जास्त आहेत, म्हणून झाड दिसण्यात फारसे नवे कळत नाही. तुटी कमी आहेत, म्हणून एक तूट बरेच काही सांगून जाते. अनोळखी गावात वाट सांगताना आपण ‘घरे लागतील’ असे म्हणत नाही, ‘पडकी चावडी लागेल’ असे म्हणतो, ते याच कारणाने.

हा हिशेब ज्यांच्या नावाने ओळखला जातो ते थॉमस बेज हे इंग्लंडमधले धर्मोपदेशक. त्यांचा निबंध ते गेल्यानंतर १७६३ साली छापला गेला. अडीचशे वर्षांनंतर तो रोबॉटच्या पोटात जाऊन बसला आहे.

इथे एक गोष्ट मी सोपी करून सांगितली. ‘एक जागा पुढे सरकला’ असे मी म्हणालो, पण खरा रोबॉट नेमका एक जागा सरकत नाही. बांधाच्या मऊ मातीत चाक फिरते आणि यंत्र तिथेच राहते. म्हणून प्रत्येक हालचालीनंतर टक्के थोडे आजूबाजूच्या घरांत सांडतात. हालचाल शंका वाढवते, निरीक्षण ती कमी करते. चालणे आणि बघणे यांची ही आळीपाळी म्हणजे रोबॉटचा श्वास.

आकड्यांनी कुणाचा जीव दडपत असेल, तर म्हसवडचीच एक गोष्ट. नव्वदच्या दशकात चेतना गाला सिन्हा आणि इथल्या बायकांनी स्वतःची बँक काढायचे ठरवले. रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज नाकारला, कारण त्यांतल्या अनेकींना लिहिता-वाचता येत नव्हते. बायका अक्षरे शिकल्या, पुन्हा गेल्या आणि अधिकाऱ्यांना म्हणाल्या की कोणत्याही रकमेचे व्याज आम्हाला तोंडी विचारा, तुमच्या लोकांनाही यंत्राशिवाय काढायला सांगा, कोण आधी सांगते बघू. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. ४ ने गुणणे आणि बेरीज करणे एवढेच ज्या विद्येच्या दारात लागते, ती विद्या या गावाला परकी कशी म्हणायची?

तीस खाचांचे चाक

महाराष्ट्रात ही विद्या महाविद्यालयांपर्यंत नेण्याचे मोठे काम मुंबईच्या आयआयटीतल्या ‘ई-यंत्र’ प्रकल्पाने केले. संगणकशास्त्र विभागातले प्रा. कवी आर्य यांच्या पुढाकाराने तो उभा राहिला आणि केंद्र सरकारच्या शिक्षण मंत्रालयाने त्याला पैसा दिला. महाविद्यालयांत प्रयोगशाळा उभारून देणे, शिक्षकांना शिकवणे आणि विद्यार्थ्यांसाठी स्पर्धा घेणे, असे त्याचे स्वरूप. २०१२ पासून होणाऱ्या या रोबॉटिक्स स्पर्धेला प्रवेशशुल्क नाही. चौघांचा गट करायचा, दिलेले काम टप्प्याटप्प्याने सोडवायचे, अडले तर शिकायचे आणि पुन्हा सोडवायचे. आधी व्याख्यान आणि मग प्रॅक्टिकल, हा नेहमीचा क्रम इथे उलटा होतो. इंजिनिअरिंगच्या मुलांना याहून चांगली वाट मला तरी माहीत नाही.

या प्रकल्पातला ‘फायरबर्ड ५’ हा रोबॉट पुष्कळ मुलांच्या हातून गेला आहे. तळहातापेक्षा थोडा मोठा, गोल, दोन चाकांवर चालणारा. चाकासोबत ३० खाचांची एक चकती फिरते आणि एक सेन्सर त्या खाचा मोजतो. एक खाच सरकली म्हणजे रोबॉट पाच मिलिमीटरहून थोडे जास्त पुढे गेला. पोटाखाली पांढरी रेघ ओळखणारे सेन्सर असतात, कडेला अंतर मोजणारे.

मुले पहिल्यांदा काय करतात? खाचा मोजून रोबॉटला एक मीटर सरळ चालवतात. तो एक मीटर जातो, पण जरा डावीकडे. पुन्हा चालवतात, या वेळी जरा उजवीकडे. खाचा बरोबर मोजलेल्या असतात, चकतीचे काही चुकलेले नसते. दोन चाके एका साच्यातली असूनही एकसारखी नसतात आणि फरशीही सगळीकडे सारखी नसते. शंका आकड्यात का मांडायची, हे पुस्तकाच्या दहा पानांनी पटत नाही ते या वाकड्या एक मीटरने पटते.

मग एकाच गोष्टीबद्दल दोन साक्षीदार असतील तर काय करायचे, हा प्रश्न येतो. खाचा एक सांगतात, अंतर मोजणारा सेन्सर दुसरेच सांगतो. उत्तर सोपे आहे. विहिरीला किती फुटांवर पाणी आहे, असे दोघांना विचारले. एकजण म्हणाला ६० फूट, आणि त्याचा अंदाज साधारण दोन फुटांनी चुकतो असा अनुभव आहे. दुसरा म्हणाला ७० फूट, पण त्याची चूक सहा फुटांची. चूक तिप्पट, म्हणून त्याच्या शब्दाचे वजन नवव्या हिश्श्याचे. वजन चुकीच्या वर्गाने उतरते, आणि तीनचा वर्ग नऊ. नऊ वाटे ६०, एक वाटा ७०, सरासरी ६१. त्या ६१ मधली अपेक्षित चूक दोन फुटांपेक्षाही किंचित कमी येते. कच्च्या साक्षीदारानेही पक्क्या साक्षीदाराला मदतच केली. त्याचा कच्चेपणा किती, हे माहीत असले की झाले.

रुडॉल्फ कालमन यांनी १९६० साली हलणाऱ्या वस्तूसाठी हीच पद्धत पायरी-पायरीने कशी चालवायची ते मांडले. नासाच्या लोकांनी ती अपोलो यानांना चंद्राची वाट दाखवायला वापरली. आज ड्रोनपासून मोबाइलपर्यंत सगळीकडे ‘कालमन फिल्टर’ बसलेला आहे. त्याच्या शेजारी आपल्या एका माणसाचे नावही येते. समोर दिसलेली खूण नकाशातल्या कोणत्या खुणेची असावी, हे ठरवताना साधे अंतर मोजून चालत नाही. कोणत्या दिशेला शंका जास्त आहे, ते धरून अंतर मोजावे लागते. ते ‘महालनोबिस अंतर’. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी ते १९३६ साली मांडले, तेव्हा रोबॉट नाटका-कथांतच होता.

या शंकेच्या गणिताने जग कसे बदलले, त्याचा एक निकाल सगळ्यांसमोर लागला. २००४ साली अमेरिकेच्या संरक्षण खात्याने मोहावीच्या वाळवंटात चालकाविना गाड्यांची शर्यत ठेवली. दोनशेहून जास्त किलोमीटरची वाट, आणि सगळ्यांत पुढे गेलेली गाडी जेमतेम पावणेबारा किलोमीटर गेली. पुढच्या वर्षी, ऑक्टोबर २००५ मध्ये, स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या ‘स्टॅन्ली’ने सुमारे २१२ किलोमीटर सात तासांच्या आत पार केले आणि आणखी चार गाड्याही शेवटपर्यंत पोचल्या. स्टॅन्लीच्या गटाचे प्रमुख सेबास्टियन थ्रुन हे त्याच वर्षी संभाव्यतेवर उभ्या असलेल्या रोबॉटशास्त्राचे पाठ्यपुस्तक दोन सहकाऱ्यांसोबत छापत होते. २०११ मध्ये थ्रुन आणि पीटर नॉर्व्हिग यांनी कृत्रिम बुद्धिमत्तेचा आपला वर्ग इंटरनेटवर फुकट उघडला, तेव्हा सुमारे १ लाख ६० हजार जणांनी नाव घातले. पुढच्याच वर्षी रोबॉट-गाडीचा प्रोग्राम लिहायला शिकवणारा थ्रुन यांचा अभ्यासक्रम आला. दाराआड असलेला हा विषय असा रस्त्यावर आला.

तिफणीचा तास

आपण कुठे आहोत ते कळले. आता सरळ जायचे कसे?

पेरणी करणाऱ्या माणसाकडे बघा. पुढे खिल्लारांची जोडी, मागे तिफण, चाड्यातून बी पडते आहे आणि तास सरळ ओढायचा आहे. तिफण रेघेच्या डावीकडे गेली की तो उजवीकडे दाब देतो, जास्त गेली तर जास्त, थोडी गेली तर थोडा. एवढेच केले तर तास नागमोडी निघेल, कारण रेघेवर परत येईपर्यंत तिफण वेगात असते आणि पलीकडे निघून जाते. म्हणून जाणता माणूस रेघ जवळ येऊ लागली की आधीच हात सैल करतो. फरक किती आहे याबरोबर तो किती वेगाने मिटतो आहे, तेही बघतो. तिसरी गोष्ट बैलांची. जोडीतला एक बैल जरा जोरकस असेल तर तिफण दर तासाला एकाच बाजूला थोडी खेचली जाते. हा दोष एका नजरेत दिसत नाही, साठत जातो. चार तास झाल्यावर गडी तो हाताने ओळखतो आणि कायमचा थोडा दाब दुसऱ्या बाजूला ठेवतो.

आत्ताचा फरक, फरकाचा वेग आणि साठलेला फरक. या तिघांच्या बेरजेवर यंत्र चालवणे म्हणजे इंजिनिअरिंगच्या पुस्तकातला ‘पीआयडी’ नियंत्रक. १९२२ साली निकोलाय मिनॉर्स्की यांनी जहाजांसाठी त्याचे गणित मांडले, आणि तेही सुकाणू धरणाऱ्या खलाश्यांचे हात बघून. यंत्राचे शास्त्र माणसाच्या हातांकडे बघून लिहिले गेले, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. मिनॉर्स्की माण तालुक्यात आले असते, तरी त्यांना तेच समीकरण सापडले असते.

जितकी वस्तू जड, तितकी ती हुकूम उशिरा ऐकते. म्हसवडला मार्गशीर्षात सिद्धनाथाचा रथ निघतो, त्या गर्दीत उभे राहून बघितलेल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. मोठा लाकडी रथ ऐन वळणावर वळवायला गेले तर वळत नाही, त्याची तयारी अलीकडेच करावी लागते. जळगावच्या रथोत्सवात चाकाला मोगरी लावून रथ आवरणारे लोक असतात. त्यांची नजर चाकावर असली तरी लक्ष पुढच्या दहा हातांवर असते. रोबॉटलाही पुढचा विचार शिकवतात. ऑगस्ट २०२३ मध्ये चंद्रावर ‘प्रज्ञान’ गाडीच्या वाटेत चार मीटर व्यासाचा खड्डा आला. तो तीन मीटरवर असतानाच दिसला, म्हणून तिला मागे फिरवून नव्या वाटेने नेता आले.

नवी वाट शोधण्याचीही एक ठरलेली रीत आहे. आतापर्यंत चाललेले अंतर आणि इथून मुक्कामापर्यंतचे सरळ रेषेतले अंदाजे अंतर यांची बेरीज जिथे सर्वांत कमी, ती वाट आधी तपासायची. १९६८ साली कॅलिफोर्नियात ‘शेकी’ नावाच्या डुगडुगत्या रोबॉटसाठी ती शोधली गेली. ‘ए-स्टार’ या नावाने ती आजही शिकवतात.

तेल्याचा डाग

आता यंत्रशिक्षण. इतका वेळ आपण यंत्राला नियम सांगत होतो. काही गोष्टींचा नियम सांगताच येत नाही. डाळिंबावरचा तेल्याचा डाग कसा ओळखता, असे बागायतदाराला विचारा. तो म्हणेल, तेलकट दिसतो, पानावर पाण्यासारखा पसरतो, फळावर काळा पडून चिरतो. पण हे शब्द यंत्राच्या कामाचे नाहीत, कारण त्याला फक्त ठिपक्यांचे आकडे दिसतात. म्हणून नियम सांगायचा नाही, उदाहरणे दाखवायची. हा तेल्या, हा तेल्या, हे निरोगी, हा नुसता उन्हाचा चट्टा. यंत्र अंदाज करते, चुकते, चुकीच्या प्रमाणात आपल्या आतली वजने जराशी बदलते आणि पुन्हा अंदाज करते. फ्रँक रोझेनब्लाट यांनी १९५८ साली याचा साधा नमुना मांडला. अनेक थरांच्या जाळ्यात चूक मागे-मागे वाटून देण्याची रीत १९८६ पासून रूढ झाली. आणि २०१२ साली चित्रे ओळखण्याच्या एका जागतिक स्पर्धेत अशा जाळ्याने बाकी सगळ्यांना मागे टाकले. आज ही गोष्ट आपल्या परिसरात आली आहे. बारामतीला ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्टच्या साथीने उसासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोग चालवला आहे, आणि आयआयटीच्या ई-यंत्र स्पर्धेत मुलांना हरितगृहातली ढोबळी मिरची तोडणारा रोबॉट-हात प्रोग्राम करावा लागला आहे.

विद्यार्थ्याने इथे सावध राहिले पाहिजे. समजा, रोगट पानांचे सगळे फोटो पावसाळी, ढगाळ दिवशी काढले, कारण तेल्या तेव्हाच उसळतो, आणि निरोगी पानांचे फोटो उन्हाळ्यात काढले. यंत्र तेल्या शिकणारच नाही. ते ढग आणि ऊन शिकेल, आणि परीक्षेत पहिला नंबर काढेल. दुसऱ्या बागेत नेले की तोंडघशी पडेल. आपल्याकडे घोकंपट्टीने पास होणाऱ्या मुलाचे जे होते तेच. म्हणून शिकवताना दाखवलेले फोटो परीक्षेत कधीही द्यायचे नाहीत, आणि शक्य असेल तर परीक्षा दुसऱ्याच्या बागेत घ्यायची.

टक्केवारीलाही भुलू नये. शंभर झाडांपैकी पाच झाडांना तेल्या आहे. ‘सगळी झाडे ठणठणीत’ असे डोळे मिटून सांगणारे यंत्र ९५ टक्के बरोबर ठरते आणि बाग घालवते. तेल्या हा जिवाणूंचा रोग आहे, पावसाच्या शिंतोड्यांनी पसरतो. एक रोगट झाड सुटले तर शेजारची जातील. एक निरोगी झाड उगाच फवारले तर थोडे औषध वाया जाईल. दोन चुकांची किंमत सारखी नाही. ती किंमत किती धरायची, हे यंत्राने ठरवायचे नसते. ते बाग ज्याची आहे त्याने ठरवायचे.

यात खरे भांडवल कशाला म्हणायचे? प्रोग्राम फुकट मिळतात, आयआयटीची व्याख्याने एनपीटीईएल या संकेतस्थळावर फुकट आहेत, पायथन ही भाषा फुकट आहे. फुकट मिळत नाही ते प्रत्येक फोटोखाली लिहिलेले बरोबर उत्तर. हा तेल्या की चट्टा, हे दहा बहार धरलेला माणूसच सांगू शकतो. ते ज्ञान माण, आटपाडी, सांगोल्याच्या बागांत आहे. ते गोळा करताना त्याचे मोल देणाऱ्याच्या पदरात पडले पाहिजे, यासाठी आपल्या मुलांनी ही विद्या शिकायला हवी. बंगळूर-मुंबई औद्योगिक मार्गिकेतल्या वसाहतीसाठी म्हसवड-धुळदेवचे नाव पुढे आले आहे. तिथे कारखाने आले तर त्यांत रोबॉटचे हात असणारच. माणदेशच्या पोराने त्यांच्या फाटकावर पहारा करावा की आत त्यांना शिकवावे, हे त्या दिवशी ठरणार नाही. ते आज कोणता अभ्यास हाती घेतला, त्यावर ठरेल.

कऱ्हाडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० पासून आहे, सांगलीचे वालचंद १९४७ पासून. म्हसवडहून दोन्ही ठिकाणी एसटीने एका दिवसात जाऊन येता येते. पण सुरुवात त्याही आधी करता येते. दहावीच्या गणित भाग १ मध्ये संभाव्यतेचे प्रकरण आहे. पुस्तक घरात असेल तर काढा आणि कागदावर शेततळ्याचा तो गोल आखा. दहा जागा, तिसरी, चौथी, आठवी रिकामी. रोबॉटने कोणत्या जागेवरून सुरुवात केली असेल, अशा दहा शक्यता घ्या. प्रत्येक शक्यतेसाठी नोंदी ताडून बघा. जुळली की ४ ने गुणा, नाही जुळली की १ ने. सहा नोंदींपर्यंत आपण आलो होतो: तूट, तूट, झाड, झाड, झाड, तूट. तेव्हा आठव्या जागेला ७३ टक्के होते. आता सातवी नोंद आली, ‘झाड’. रोबॉट नवव्या जागी असण्याची संभाव्यता तुम्ही काढा. उत्तर ८९ टक्के यायला हवे.